गाडीच्या रंगावर सीलंट लावणे कितपत फायद्याचे, आणि लावायचे तर कसे

नवी गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी, विम्याचे आणि नोंदणीचे कागद पूर्ण होत आलेले असताना, शोरूममध्ये एक छापील यादी आपल्यासमोर ठेवली जाते. तीत गाडीच्या पोटाखालचे गंजरोधक लेपन असते, सीट कव्हर असतात, मॅट असतात आणि मधेच कुठेतरी ‘पेंट प्रोटेक्शन’ किंवा ‘टेफ्लॉन कोटिंग’ असा एक रकाना असतो, म्हणजे रंगावर सीलंट नावाचा पाणी झटकणारा पातळ लेप लावून देण्याचा. आठ-नऊ लाखांच्या खरेदीपुढे चार-पाच हजारांचा आकडा किरकोळ वाटतो, घरची मंडळी पेढ्यांचा पुडा आणि हार घेऊन उभी असतात, आणि आपण त्या रकान्यापुढे खूण करून मोकळे होतो. रत्नागिरीत दहा वर्षांपूर्वी मीही हेच केले. ४,८०० रुपये भरले, पाडव्याला गाडी घरी आणली, आणि जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा बॉनेटवर पाण्याचे थेंब उभे न राहता पाणी ओल्या फरशीवर पसरावे तसे सपाट पसरलेले पाहिले. तीन वर्षे टिकेल असे सांगितलेला लेप अडीच महिन्यांत निघून गेला होता.

त्या अनुभवावरून ‘सगळी सीलंट म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा’ असे ठरवून टाकणे सोपे होते, आणि काही काळ माझे मत तसेच होते. पुढे एका रंगकाम करणाऱ्या कारागिराने मला सीलंटची छोटी बाटली आणून स्वतः लावून पाहायला सांगितले. तेव्हापासून मी दरवर्षी ते लावत आलो आहे, आणि एक संपूर्ण पावसाळा अर्ध्या बॉनेटवर लावून व अर्धे तसेच ठेवून त्याची तुलनाही केली आहे. माझे आजचे मत असे आहे की चांगले सीलंट स्वतः लावले, वर्षातून दोनदा लावले आणि त्याच्याकडून धुण्यापुसण्यातल्या सोयीची व डागांपासून थोड्या सवलतीची अपेक्षा ठेवली, तर ते निश्चित फायद्याचे आहे. तेच सीलंट शोरूममध्ये पाचपट-सहापट पैसे देऊन, ‘आता तीन वर्षे बघायला नको’ या भरवशावर लावून घेणे फायद्याचे नाही. असे का, हे समजण्यासाठी आधी रंगाची रचना पाहावी लागते.

रंगाचे थर आणि आपण राखतो तो थर

आजकालच्या गाडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. कारखान्यात त्याच्यावर प्रथम विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवला जातो, त्यावर प्रायमर येतो, त्यावर आपल्याला दिसणारा रंग येतो आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा क्लिअर कोट असतो. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते; १,००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा ही सगळी जाडी डोक्याच्या दीड-दोन केसांएवढी होते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ३५ ते ५० मायक्रॉनचा. गाडीची चमक या थराची असते, उन्हातील अतिनील किरण शोषणारी द्रव्येही प्रामुख्याने याच थरात मिसळलेली असतात, आणि पुसताना पडणारे बारीक चरे, पक्ष्यांच्या विष्ठेचे वण, पाण्याचे पांढरे डाग हे सगळे याच थरावर उमटतात.

हा थर एकदाच मिळतो. बफिंग करून चरे घालवतात तेव्हा चरे भरले जात नाहीत. त्यांच्या आजूबाजूचा क्लिअर कोट चऱ्याच्या तळापर्यंत घासून खाली आणला जातो. सौम्य पॉलिशमध्ये एक-दोन मायक्रॉन जातात, रेताड कंपाउंडने रबिंग केले तर त्याहून बरेच अधिक. दर दिवाळीला हौसेने रबिंग-पॉलिश करून घेतलेल्या गाडीच्या कडांवर पाच-सहा वर्षांत रंग फिका पडू लागतो, तो यामुळे. जुन्या प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीच्या मारुती ८०० ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना आठवेल की पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागत असे. त्या गाड्यांच्या साध्या रंगांवर क्लिअर कोट नसे. तुमच्या गाडीला तो आहे की नाही हे पाहायचे असेल, तर दाराच्या आतल्या कडेला पांढऱ्या कापडाने किंचित पॉलिश घासून पाहावे. कापडाला रंग लागला तर क्लिअर कोट नाही असे समजावे.

मेण, सीलंट, टेफ्लॉन, सिरॅमिक, फिल्म

आपल्याकडे या सगळ्याला सरसकट ‘पॉलिश’ म्हणतात आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. पॉलिश काहीतरी काढून टाकते. मेण आणि सीलंट काहीतरी वर ठेवतात. बाटलीवर ‘पॉलिश अँड वॅक्स’ असे लिहिलेले असेल तर ती दोन्ही कामे थोडीथोडी करते, आणि दर महिन्याला वापरण्याची ती वस्तू नव्हे.

गाडीच्या मेणात मुख्यतः कार्नौबा मेण असते. ईशान्य ब्राझीलमधील एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरून ते मिळते आणि नैसर्गिक मेणांमध्ये ते सर्वांत कठीण समजले जाते. ते ८२ ते ८६ अंशांच्या आसपास वितळते. एप्रिल-मेच्या दुपारी काळ्या गाडीचा टप ७० अंशांच्या आसपास जातो, म्हणजे मेण वितळत नसले तरी मऊ होऊन धूळ धरू लागते. आपल्या हवेत मेण जेमतेम चार ते आठ आठवडे टिकते. गडद रंगावर त्याची झळाळी फार सुंदर दिसते, आणि एखाद्याला लग्नाच्या वरातीसाठी गाडी सजवायची असेल तर मी मेणच सुचवीन.

सीलंट हे कृत्रिम असते. त्यात बहुधा सिलिकॉनवर आधारित पॉलिमर असतात, जे रंगाच्या पृष्ठभागाला धरून बसतात आणि वाळल्यावर एक अत्यंत पातळ, गुळगुळीत, पाणी झटकणारा पापुद्रा तयार करतात. हा पापुद्रा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. बाटलीवर सहा महिने ते एक वर्ष असे लिहिलेले असते. कोकणातील उन्हापावसात मी तीन ते साडेतीन महिने धरतो, आणि गाडी छपराखाली राहत असेल तर पाच.

‘टेफ्लॉन कोटिंग’ या शब्दामागे बऱ्याचदा असेच एखादे सीलंट असते, ज्यात टेफ्लॉनचे, म्हणजे पीटीएफईचे, सूक्ष्म कण मिसळलेले असतात. तव्यावर टेफ्लॉन चिकटून बसतो कारण तव्याचा पृष्ठभाग खास तयार करून तो लेप ३५० अंशांच्याही वर भाजला जातो. पीटीएफई वितळतो तोच ३२७ अंशांना. गाडीचा रंग एवढ्या उष्णतेने जळून जाईल. त्यामुळे गाडीवर टेफ्लॉनचा तव्यासारखा लेप बसूच शकत नाही, आणि जे काही काम होते ते त्या बाटलीतील बाकीच्या पॉलिमरमुळे होते. हे समजल्यावर त्या नावासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

सिरॅमिक कोटिंग हे सीलंटचेच अधिक टिकाऊ भावंड आहे. त्यातील सिलिकायुक्त रसायने हवेतील ओलाव्याशी क्रिया होऊन कठीण होतात, जाडी एक-दोन मायक्रॉनपर्यंत भरते, आणि पृष्ठभाग नीट तयार केलेला असेल तर ते दोन वर्षे टिकू शकते. त्याच्या जाहिरातीत ‘९ एच’ असा शब्द हमखास असतो. हा पेन्सिलच्या कठीणपणाच्या चाचणीतील आकडा आहे: ९ एच पेन्सिलने कोटिंगवर ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावरची वाळू पेन्सिलच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण असते. तेव्हा ‘९ एच आहे, आता चरे पडणार नाहीत’ असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. मध्यम आकाराच्या गाडीला सिरॅमिकसाठी साधारण १५ ते ४० हजार रुपये सांगितले जातात आणि त्यातील मोठा भाग खरे तर आधीच्या पॉलिशिंगच्या मेहनतीचा असतो.

खडीच्या माऱ्यापासून खरोखर वाचवणारी वस्तू एकच, ती म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या संपूर्ण रंगाहूनही जास्त असते. पूर्ण गाडीला ती लावण्याचा खर्च लाखाच्या घरात जातो. सतत महामार्गावर फिरणाऱ्यांनी केवळ बॉनेटच्या पुढच्या भागाला आणि बंपरला ती लावून घेणे मला शहाणपणाचे वाटते.

अर्ध्या बॉनेटने मला जे दाखवले

त्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात मी बॉनेटच्या मधोमध कागदी चिकटपट्टी लावली, चालकाच्या बाजूच्या अर्ध्या भागावर सीलंटचे दोन हात दिले आणि दुसरा अर्धा भाग तसाच धुऊन ठेवला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे परीक्षा सोपी नव्हती.

पहिल्या सरीत फरक लांबूनही दिसत होता: एका बाजूला पाण्याचे वाटाण्याएवढे गोल थेंब, दुसऱ्या बाजूला सपाट ओल. पण डोळ्यांना सुखावणारा हा देखावा मुख्य फायदा नव्हे. मुख्य फायदा धुताना कळला. आमच्याकडची जांभ्याची तांबडी माती ओली होऊन वाळली की रंगाला धरून बसते. सीलंट नसलेल्या बाजूला पाण्याची धार मारूनही तिचा तांबूस पापुद्रा राहत होता आणि तो कापडाने चोळावा लागत होता, तर सीलंटच्या बाजूला बहुतेक माती धारेनेच खाली जात होती. गाडीवरचे बारीक चरे माती चोळल्याने पडतात. चोळणे कमी झाले म्हणजे चरे कमी पडतात. सीलंट चऱ्यांपासून वाचवते ते अशा आडवाटेने, स्वतःच्या कठीणपणाने नव्हे.

जुलैमध्ये एक उघडीप पडली तेव्हा दोन्ही बाजूंना कावळ्यांची विष्ठा पडली. संध्याकाळी ओल्या कापडाने पुसल्यावर सीलंटची बाजू स्वच्छ निघाली आणि दुसरीकडे फिकट कडे उरले. मात्र ऑगस्टमध्ये, बाहेरगावी गेल्यामुळे, सीलंटच्या बाजूवर चार दिवस राहिलेल्या विष्ठेने तिथेही वण पाडला. म्हणजे सीलंटमुळे सवड मिळते, ती काही तासांची, आठवड्याची नाही. सप्टेंबरच्या मध्याला दोन्ही बाजूंवर पाणी सारखेच पसरू लागले. त्या साडेतीन महिन्यांत खडी उडून पडलेले बारीक टवके दोन्ही बाजूंना होते आणि सीलंटने त्यांत काहीही फरक पाडला नव्हता. लांबून पाहिले तर चमकही दोन्हींकडे सारखीच होती.

काही गोष्टी सीलंटच्या आवाक्याबाहेरच्या आहेत आणि त्या स्पष्ट असलेल्या बऱ्या. पोचा, किल्लीचा ओरखडा, गर्दीत घासलेला बंपर यांवर त्याचा उपयोग नाही. उन्हाने रंग विटण्याची गती त्याने फारशी कमी होत नाही, कारण इतक्या पातळ थरात अतिनील किरण अडवण्याइतके द्रव्य मावत नाही. ते काम क्लिअर कोट करतो, आणि त्याला खरी मदत सावलीची होते. गंजाचा तर संबंधच नाही. खाऱ्या हवेत गाडी गंजते ती पोटाखालून, चाकांच्या कमानीतून, दारांच्या खालच्या कडांतून. तिथे रंगावरचे सीलंट पोहोचत नाही. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली छिद्रे पावसाळ्याआधी काडीने मोकळी करणे हे किनारपट्टीवरील गाडीसाठी कोणत्याही लेपाहून अधिक महत्त्वाचे काम आहे, आणि ते फुकट आहे.

कोणी लावावे, कोणी लावू नये

गाडी उघड्यावर किंवा झाडाखाली उभी राहत असेल तर अवश्य लावावे. आंब्याखाली गाडी ठेवणाऱ्यांना हे मी आग्रहाने सांगतो. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे जो मधासारखा चिकट स्राव टाकतात, त्याचे बारीक थेंब रात्रभर टपावर पडतात, त्यावर धूळ बसते आणि मग काळी बुरशी धरते. पुढे कैरीच्या देठाचा चीक पडतो, जो आपल्या कातडीलाही भाजतो आणि रंगावर तपकिरी डाग सोडतो. सीलंट असेल तर चिकटा शाम्पूच्या पाण्याने निघतो. देशावर, जिथे सोसायट्यांमध्ये बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी येते, तिथे क्षारांचे पांढरे डाग ही मोठी तक्रार असते, आणि तिथे एक सावधगिरी हवी: सीलंटमुळे पाणी थेंबांच्या रूपात उभे राहते, आणि ते थेंब उन्हात वाळले तर प्रत्येक थेंबाचा एक गोल डाग बनतो. म्हणून जड पाण्याने धुतलेली गाडी लगेच टिपून कोरडी करणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी सीलंट लावून डाग वाढवून घेऊ नयेत.

गाडी बंद गॅरेजमध्ये राहत असेल आणि महिन्याला दोनशे-तीनशे किलोमीटरच चालत असेल, तर वर्षातून एकदा लावले तरी पुरे. रंग आधीच पांढुरका, खडूसारखा झाला असेल किंवा क्लिअर कोटचे पापुद्रे निघत असतील, तर सीलंटने काही साधणार नाही. त्या भागाला रंगकामच लागेल. अपघातानंतर एखाद्या भागाला नुकताच नवा रंग दिलेला असेल तर किमान ३० आणि शक्यतो ६० दिवस त्यावर काही लावू नये. कारखान्यात क्लिअर कोट १४० अंशांच्या आसपास भाजला जातो, त्यामुळे नव्या गाडीला पहिल्या दिवसापासून सीलंट चालते. गॅरेजमध्ये मात्र तो फार तर ६० अंशांना वाळवतात आणि आतील द्रावक कित्येक आठवडे सावकाश उडत राहते. वर लेप बसला तर ते कोंडते.

खर्चाचा हिशेब असा. २५० मिलिलिटरची बरी बाटली ७०० ते १,२०० रुपयांना मिळते. हॅचबॅक गाडीला एका वेळी २० ते २५ मिलिलिटर लागते, म्हणजे एका बाटलीत दहा वेळा काम होते. तीन-चार मायक्रोफायबर कापडे, स्पंजाची गादी, क्ले (रंगाला चिकटलेले कण काढणारा मातीसारखा मऊ गोळा) आणि शाम्पू यांचे आणखी हजार-बाराशे रुपये धरले, तरी पाच वर्षांचा खर्च शोरूमच्या एका लेपाच्या निम्माच होतो.

लावण्याची कृती

दिवस कोरडा आणि जागा सावलीची हवी. तळहात बॉनेटवर ठेवल्यावर पत्रा गार लागला पाहिजे, म्हणून सकाळी साडेसहा-सातला सुरुवात करावी. पहिल्या वेळी चार तास लागतात, नंतर अडीच. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हे काम काढू नये, कारण सीलंट वाळत नाही आणि पुसताना तेलकट पट्टे राहतात.

पहिले काम धुण्याचे. आधी नुसत्या पाण्याने, वरून खाली, भरपूर धार मारून सुटी माती घालवावी. मग दोन बादल्या घ्याव्यात: एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे पाणी. हातमोज्यासारखे मायक्रोफायबर शाम्पूत बुडवून एक भाग धुवावा, ते साध्या पाण्यात खळबळून माती काढावी आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवावे. टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि शेवटी दारांचा खालचा भाग हा क्रम मोडू नये, कारण सर्वांत जास्त रेती खाली असते. चाकांसाठी वेगळे कापड ठेवावे. जुने मेण किंवा सीलंट काढून टाकण्यासाठी या एका वेळी शाम्पूऐवजी भांड्यांचा द्रवरूप साबण चालतो. पण भांडी घासण्याची वडी कधीही वापरू नये, कारण तिच्यात घासणारी पूड असते आणि ती क्लिअर कोटवर जाळीसारखे चरे पाडते.

त्यानंतर चिकटलेले कण काढावेत. दारांच्या खालच्या बाजूला आणि चाकांमागे डांबराचे ठिपके असतात; ते डांबर काढण्याच्या द्रावणाने ओल्या करून ठेवलेल्या कापडाने अर्धा मिनिट दाबून, मग हलकेच पुसून काढावेत. गॅरेजमध्ये यासाठी रॉकेल वापरण्याची पद्धत आहे. त्याने डांबर निघते, मात्र मागे तेलकट थर राहतो आणि त्यावर सीलंट धरत नाही, म्हणून रॉकेल वापरलेच तर तो भाग पुन्हा साबणाने धुवावा आणि रबराच्या पट्ट्यांना ते लागू देऊ नये. गाडी रोज रेल्वे स्थानकाच्या आवारात उभी राहत असेल तर ब्रेकच्या झिजेचे लोखंडी कण रंगात रुतलेले असतात. पांढऱ्या गाडीवर ते बारीक नारिंगी ठिपक्यांसारखे दिसतात. त्यांसाठी मिळणारे लोह काढणारे द्रावण फवारले की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ येऊ लागतात. त्याला अतिशय उग्र वास येतो, म्हणून हातमोजे घालून मोकळ्या हवेतच ते वापरावे आणि वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन टाकावे.

आता एक छोटी परीक्षा करावी, जी प्रत्येकाला पहिल्यांदा चकित करते. किराणा सामानाची पातळ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घालून धुतलेल्या ओल्या बॉनेटवरून बोटांची टोके हलकेच फिरवावीत. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा, उघड्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून रव्यासारखा खरखरीत लागतो. ही खरखर काढण्यासाठी क्ले बार असतो, मुलांच्या खेळातील मातीसारखा. त्यातील सुपारीएवढा तुकडा चपटा करून, रंगावर शाम्पूचे पाणी भरपूर फवारून, भार न देता सरळ रेषेत पुढे-मागे फिरवावा. सुरुवातीला तो किंचित अडखळतो. मग आवाज बंद होतो आणि तो तरंगल्यासारखा सरकतो, तेव्हा तो भाग झाला असे समजावे. क्लेची घाण झालेली बाजू दर थोड्या वेळाने आत दुमडावी. क्ले जमिनीवर पडला तर तो फेकून द्यावा; तो धुऊन वापरण्याचा मोह महागात पडतो, कारण त्यात रुतलेला वाळूचा एक कण संपूर्ण दारावर रेघ ओढतो.

गाडी पुन्हा धुऊन, टिपून कोरडी करावी आणि मोबाइलच्या दिव्याच्या उजेडात चरे पाहावेत. कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळाकार चरे फार असतील आणि ते खटकत असतील, तर इथे सौम्य पॉलिश हाताने करावे. सीलंट चरे झाकत नाही, उलट चमक वाढल्याने ते अधिक उठून दिसू शकतात. मी पॉलिश तीन-चार वर्षांतून एकदाच करतो; क्लिअर कोट जपून वापरण्याची वस्तू आहे. पॉलिश केलेले असो वा नसो, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि पाणी तीन-चार भाग असे मिश्रण कापडावर घेऊन सर्व भाग पुसावेत, म्हणजे उरलेला तेलकटपणा जातो. माझ्या अनुभवात सीलंट लवकर उतरण्याचे सर्वांत मोठे कारण या पुसण्याला दिलेला फाटा हे आहे, आणि शोरूममध्ये घाईच्या दिवशी नेमकी हीच पायरी गळत असावी असा मला दाट संशय आहे.

प्रत्यक्ष सीलंट लावणे हे या सगळ्यातले सर्वांत सोपे काम आहे. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आधी कागदी चिकटपट्टी लावावी, नाहीतर त्यांवर पांढरे डाग बसतात. स्पंजाच्या गादीवर रुपयाच्या नाण्याएवढे सीलंट घेऊन अर्ध्या बॉनेटला पुरवावे. हात पातळ हवा, इतका की रंगावर केवळ धूसर वाफ धरल्यासारखी दिसावी. जाड थराने टिकाऊपणा वाढत नाही. जास्तीचे सीलंट पुसण्यातच जाते आणि पुसायला दमछाक होते. बाटलीवर सांगितलेला वेळ, बहुधा १० ते २० मिनिटे, थांबावे आणि मग बोट ओढून पाहावे: बोटामागे स्वच्छ रेघ उमटली तर ते तयार झाले, आणि बोटाने ते नुसतेच फासले गेले तर आणखी थांबावे. एका मायक्रोफायबरने पहिला थर पुसावा, दुसऱ्या कोऱ्या कापडाने शेवटचा हात फिरवावा. दुसरा थर द्यायचा असेल तर काही तासांनी द्यावा. त्याचा उपयोग पहिल्या वेळी सुटलेल्या जागा भरण्यापुरता आहे. त्यानंतर १२ ते २४ तास गाडी कोरडी ठेवावी.

नंतरची निगा

लेप टिकणे न टिकणे हे बाटलीपेक्षा रोजच्या पुसण्यावर जास्त अवलंबून असते. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणारे दादा एका बादलीत आणि एकाच फडक्यात पंधरा-वीस गाड्या करतात. त्यांना तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या वेळात दुसरे काही शक्यही नाही. पण दहाव्या गाडीपर्यंत त्या फडक्यात आधीच्या नऊ गाड्यांची वाळू असते, आणि ती तुमच्या बॉनेटवर रोज फिरते. यावर मी काढलेला मार्ग असा की दादांना आमच्या गाडीच्या केवळ काचा आणि आरसे पुसायला सांगितले आहे, पैसे पूर्वीइतकेच देतो, आणि गाडी आठवड्यातून एकदा स्वतः धुतो. कोरड्या धुळीवर कोरडे फडके मारणे घरच्यांनीही बंद करावे. मायक्रोफायबर कापडे इतर कपड्यांत न घालता वेगळी धुवावीत आणि त्यांना कपडे मऊ करणारे द्रावण लावू नये, कारण त्याने त्यांचे तंतू बुजतात.

विष्ठा किंवा चीक दिसला की घासू नये. ओले कापड त्यावर पाच मिनिटे ठेवावे आणि मग उचलून घ्यावे. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की बॉनेटवरचे हळदी-कुंकवाचे स्वस्तिक दुसऱ्या दिवशी सकाळी भरपूर पाण्याने उतरवावे, आणि झेंडूचा हार सुतळीने बांधला असेल तर गाडी बाहेर काढण्याआधी तो सोडावा; चालत्या गाडीवर ओली सुतळी बॉनेटच्या कडेला सतत घासत राहते.

सीलंट संपले आहे हे ओळखण्यासाठी धुताना शेवटी पाण्याची संथ धार सोडून पाहावी. पाणी पडद्यासारखे झपकन खाली सरकले तर लेप आहे. ते रेंगाळून सपाट पसरले तर गेला. मळ साचल्यानेही पाणी पसरते, तेव्हा ही परीक्षा शाम्पूने धुतल्यावरच करावी.

शोरूममध्ये किंवा स्टुडिओत लेप लावूनच घ्यायचा असेल, तर पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात: उत्पादनाचे नेमके नाव, आधी क्ले आणि पॉलिश करणार का, हमीत नेमके काय येते, आणि हमी चालू राहण्यासाठी दरवर्षी सशुल्क देखभाल करून घ्यावी लागते का. बहुतेक हमीपत्रांत पक्ष्यांची विष्ठा, पाण्याचे डाग आणि चरे, म्हणजे ज्यांच्यासाठी आपण लेप घेतो तेच, वगळलेले असतात. शक्य असल्यास काम चालू असताना समोर उभे राहावे. दीड तासात गाडी ‘तयार’ झाली तर तयारीच्या पायऱ्या गाळल्या गेल्या असे खुशाल समजावे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर वर्षातून दोन वेळा सोयीच्या ठरतात: पहिली एप्रिलच्या अखेरीस, कैऱ्यांचा चीक आणि वळवाच्या सरी येण्याआधी; दुसरी ऑक्टोबरमध्ये, पाऊस ओसरल्यावर आणि मोहोर येण्याच्या आधी. लावल्याची तारीख विसरली जाते, म्हणून पेट्रोलच्या टाकीच्या बाहेरच्या झाकणाच्या आतील बाजूला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पेनाने ती लिहून ठेवावी. दर वेळी पेट्रोल भरताना ती आपोआप नजरेस पडते.